पी. पी. नंबर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



काही दिवसांपूर्वी मालवणच्या आमच्या माहेरच्या घरात जुनी ट्रंक आवरताना एक लग्नपत्रिका हाती लागली. शेजारच्या काकींच्या मुलीच्या लग्नाची. हळदीचं बोट कोपऱ्यावर तसंच होतं. खाली निमंत्रकांचं नाव, वाडीचा पत्ता आणि त्याखाली तीन आकडी फोन नंबर. नंबरापुढं कंसात दोन अक्षरं, 'पी. पी.'.

माझा भाचा पत्रिका बघून म्हणाला, "आत्या, हे पी. पी. म्हणजे काय?" त्याला सांगितलं, बाबा रे, हा नंबर त्यांचा नाही, आपला आहे. त्यांच्याकडं फोन नव्हता. त्यांना कुणाला बोलायचं असेल तर त्यानं आपल्याकडं फोन करायचा आणि आपण गडग्यापलीकडं जाऊन त्यांना बोलावून आणायचं. तो हसायला लागला. म्हणाला, "म्हणजे फोन तुमचा आणि नंबर त्यांच्या पत्रिकेवर?" होय, तसंच. आणि एकट्या त्यांच्याच नव्हे, वाडीतल्या निदान सात-आठ पत्रिकांवर आणि मुंबईतल्या कितीतरी चाकरमान्यांच्या खिशातल्या डायऱ्यांत तो नंबर होता.

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं १८८२ साली. पण फोन नावाची वस्तू कोकणातल्या साध्या घरात यायला त्यानंतर नव्वद-शंभर वर्षं जावी लागली. १९९४ साली सरकारनं राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केलं, त्यातच म्हटलं होतं की देशात शंभर माणसांमागं सरासरी ०.८ फोन आहेत. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. यात मुंबई-दिल्लीही आली. मग आमच्या वाडीत एक फोन होता हेच नवल.

तो आला बाबांच्या धंद्यामुळं. बाबांचा किराणा मालाचा व्यापार होता. गूळ कोल्हापूरच्या शाहूपुरीतून यायचा, घाट उतरून. भाव कळायला आणि माल निघाला की नाही हे कळायला फोन हवा. नाव नोंदवून ठेवलं होतं, काही वर्षांनी नंबर लागला. फोन बसवायला माणसं आली त्या दिवशी आजीनं त्यांना सोलकढी आणि माशाचं जेवण घातलं, यंत्राला हळदकुंकू लावलं आणि वर नारळ ठेवला. काळा, जडशीळ फोन. त्याला फिरवायची चकती नव्हती. रिसीव्हर उचलला की बाजारातल्या एक्सचेंजमधून ऑपरेटरचा आवाज यायचा, त्यांना नंबर सांगायचा, ते जोडून द्यायचे. ऑपरेटरला वाडीतली सगळी घरं माहीत. "बाबा कोलापुराक गेलेत मां? मग आता कित्याक लावतंस?" असंही ते विचारत.

फोनची जागा पडवीत, भिंतीतल्या कोनाड्याशेजारच्या स्टुलावर. आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण त्याच्यावर. बाजूला एक जाड वही, आणि सुतळीनं बांधलेली पेन्सिल. बाबांचा दंडक असा की कुणाचाही फोन आला तरी वहीत लिहायचं. तारीख, कुठून आला, कुणासाठी आला, निरोप काय. आणि निरोप ज्याचा त्याला पोचवायचा, मग तो वाडीच्या कुठल्याही टोकाला राहत असो. हे काम माझ्याकडं होतं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची.

आजच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा. मग वाट बघायची, तासभर, दोन तास, कधी दिवसभर. घाई असेल तर 'अर्जंट', त्याला दुप्पट पैसे. आणि अगदीच आणीबाणी असेल तर 'लाइटनिंग', तो मात्र फार महाग. बोलायला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की मध्येच ऑपरेटर येऊन विचारायचा, वाढवायचा का? वाढवला तर पुन्हा तीन मिनिटांचे पैसे. त्यात पी. पी. कॉल म्हणजे ठरावीक माणसासाठीचा कॉल. त्याला थोडा जादा आकार पडे, पण हवं ते माणूस फोनवर आल्यावरच मिनिटं मोजायला सुरुवात होई. माणूस मिळालंच नाही तर कॉल रद्द, आणि तो जादा आकार तेवढा भरायचा. शेजाऱ्याच्या फोनवर बोलणाऱ्यांना हा प्रकार सोयीचा. म्हणूनच तर ती दोन अक्षरं पत्रिकांवर जाऊन बसली.

मुंबईचा कॉल आला की मी धावत सुटायची. गडग्यावरूनच ओरडायची, "काकी गोऽ, फोन इलोऽ!" ही हाक ज्या घरासाठी असेल त्या घरातलं माणूस तर येईच, पण आजूबाजूचेही येत. कारण ज्याचा फोन, त्याला आपल्या माणसाचीही खबर विचारायला सांगता येई. पडवी भरून जायची. बोलणारा उभा राहून बोलायचा, तेही एवढ्या मोठ्यानं की फोनची गरजच काय, असं आजोबा म्हणत. "बरे आसात मां? होय, आमी बरी आसव. पैशे पावले. पावस मायंदाळ. गाय इली, पाडो झालो." एवढ्यात तीन मिनिटं संपत. एक म्हातारी आजी तर रिसीव्हर कानाला लावून नुसती मान हलवायची. मुलगा तिकडून "आये, आये" करून घसा कोरडा करी, ही इकडून होय-होय अशी मान डोलावी. त्याला वाटे लाइन कटली. बोलणं झाल्यावर ती डोळे पुसत म्हणायची, "झिलाचो आवाज आयकलंय, पुरे झाला."

पावसाळ्यात फोनचं काही खरं नसे. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात माडाची एखादी झावळ तारांवर पडली की फोन मुका. वर खाऱ्या हवेनं तारा आणि जोड गंजायचे. मग सायकलवर शिडी बांधून लाइनमन येई. भर पावसात खांबावर चढलेला तो माणूस अजून डोळ्यांसमोर आहे. खाली वाडीतली पोरं, बायका छत्र्या घेऊन उभ्या. तो वरून कानाला त्याचं यंत्र लावून ओरडे, "हॅलो, टेस्टिंग!" आणि फोन चालू झाला की खाली उतरून आमच्या पडवीत चहा पिऊन जाई.

आता मला जे सांगायचं आहे त्याच्याकडं येते. या साऱ्या आठवणी आम्ही ज्यांच्या घरी फोन होता ते लोक फार प्रेमानं सांगतो. वाडी कशी एक होती, दार कसं कुणालाही उघडं होतं. खरं आहे ते. पण त्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला फार उशिरा कळली.

१९८२ साल. १८ जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. आमच्या भागातली किती घरं गिरण्यांच्या पगारावर चालत होती ते वेगळं सांगायला नको. परळ-लालबागच्या खोल्यांतून इकडं मनीऑर्डर येत आणि त्यावर इकडच्या चुली पेटत. शेजारच्या काकींचे यजमान गिरणीत होते. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली ती लहान. नंतर येईनाशी झाली. आधी पत्रं यायची, मग तीही कमी झाली. काकी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून आमच्या पडवीत येत. कधी आईला तांदूळ निवडू लागत, कधी नुसत्याच पायरीवर बसत. जाताना सांगत, "गो बाये, मुंबयचो फोन इलो तर माका हाक मार हां." रोज तेच.

जुलै महिना होता. दुपारची वेळ. बाबा दुकानात, आई माजघरात लवंडलेली. बाहेर असा पाऊस की समोरचा माड दिसेना. पाणंदीतून गुडघाभर लाल पाणी वाहत होतं. मी पडवीत घोंगडी पांघरून 'चांदोबा' वाचत पडले होते. फोन वाजला. ऑपरेटर म्हणाले, मुंबईचा पी. पी. कॉल आहे, शेजारच्या काकींना बोलाव.

मी बाहेर बघितलं. गोष्ट ऐन रंगात आलेली. आणि मी सांगितलं, "त्या घरी नाहीत."

"कधी येतील?"

"ठाऊक नाही."

पलीकडं ऑपरेटर मुंबईशी काहीतरी बोलले. मागं पुरुषाचा आवाज अस्पष्ट ऐकू आला, शब्द कळले नाहीत. मग ते म्हणाले, "बरं, रद्द करतो," आणि खट्कन आवाज झाला.

मी फोन ठेवला. बाबांचा दंडक होता म्हणून वहीत लिहिलंसुद्धा. 'मुंबईहून फोन. काकींसाठी. घरी नाहीत. निरोप नाही.' संध्याकाळी बाबांनी वही बघितली. विचारलं, "काकींना सांगितलंस ना, फोन येऊन गेला म्हणून?" मी होय म्हटलं. ते दुसरं खोटं.

काकींना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या, पायरीवर बसल्या, पण नेहमीचं वाक्य बोलल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या असतील.

त्या वर्षी गणपती ऑगस्टमध्येच आले. संपामुळं कितीतरी गिरणी कामगार गावाला परतले होते. काकाही आले. उतरलेला चेहरा, गालफडं बसलेली. दुसऱ्या दिवशी बाबांना भेटायला पडवीत येऊन बसले. काकी दाराच्या चौकटीशी उभ्या. मी चहा घेऊन आले. बोलता बोलता काका म्हणाले, "जुलैत फोन केला होता. पोस्टात दोन तास उभा होतो. आपल्या वाडीतला एक जण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मुंबईला निघणार होता. म्हटलं, त्याच्याबरोबर थोडे तांदूळ आणि कुळीथ पाठवायला सांगावं. खानावळीचं देणं फार झालं होतं, त्या बाईपुढं जायला तोंड नव्हतं. पण ही घरात नव्हती."

माझ्या हातातली कपबशी वाजायला लागली. बाबांनी माझ्याकडं बघितलं. आणि काकी दारातून सहज म्हणाल्या, "होय तर. मी व्हाळार धुणां घेवन गेल्लंय."

त्या पावसात व्हाळावर धुणं घेऊन कोण जाणार? पण बायकांची कामं पुरुषांना कुठं ठाऊक असतात? विषय तिथंच संपला. काकींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कपबश्या उचलल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर मी फोन आल्यावर कुणालाही बोलावायला गेले नाही असं कधी झालं नाही. पाऊस असो, रात्र असो. पण काकींशी त्याबद्दल बोलायचा धीर झाला नाही. बारा-तेरा वर्षांनी, माझं लग्न होऊन मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, तेव्हा एका दुपारी मी त्यांना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या फोनाची घंटी आमच्या खळ्यात आयकाक येय गो. त्या दिसा मी चुलीकडेच होतंय."

म्हणजे त्यांनी घंटी ऐकली होती. आपला असेल म्हणून कान देऊन बसल्या होत्या. कुणी हाक मारली नाही म्हणून समजल्या, दुसऱ्या कुणाचा असेल. महिन्यानं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्याच क्षणी त्यांना सगळा उलगडा झाला.

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू ल्हान होतंस. बापाशीन मारल्यान असता." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे भांडाण झाला तर मगे फोन घेवक आमी खय जातलंव?"

श्रोतेहो, पहिलं वाक्य ऐकून माझे डोळे भरून आले होते. दुसरं ऐकून मी गप्प झाले. इतकी वर्षं मी समजत होते की आमच्या पडवीत वाडी प्रेमानं जमायची. प्रेम होतंच. पण पायरीवर बसणाऱ्याला आपण पायरीवर बसलो आहोत याचा कधी विसर पडत नव्हता. आईला तांदूळ निवडू लागणं ही त्या फोनची किंमत होती. ती आम्ही मागितली नव्हती, पण त्या देत होत्या.

त्यामुळं एस.टी.डी. बूथ आले तेव्हा आम्हाला वाटलं त्यापेक्षा वेगळं काही काकींना वाटलं असणार. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदांचं नाव तेव्हा घरोघरी झालं. वातानुकूलन नसलं तरी, धुळीत-उन्हात चालतील अशी लहान एक्सचेंजं आपल्याकडंच तयार झाली. मग गावोगावी पिवळ्या पाट्या लागल्या. मालवणला ०२३६५ हा कोड आला आणि ट्रंक बुक करणं संपलं. काचेची खोली, आत एक पंखा, वर लाल आकडे पळवणारं मीटर, बोलणं झालं की टरटर करत निघणारी पावती. रात्री उशिरा पाव दर लागायचा, म्हणून जेवणं उरकून लोक रांगेत उभे राहत. आम्ही म्हणायचो, काय हे, घरचा फोन सोडून बाजारात जायचं! पण काकी आमच्या पडवीतला फोन टाळून, बॅटरी घेऊन, बाजारात बूथवर जाऊ लागल्या. मुलगा तेव्हा मुंबईला कामाला लागला होता. आईनं एकदा रागावून विचारलं, तर म्हणाल्या, "थंय दार लावन बोलूक गावता."

दार लावून बोलायला मिळतं! आमच्या पडवीत त्या पंधरा वर्षं बोलल्या, पण नवऱ्याशी एक शब्द एकांतात बोलल्या नव्हत्या. 'बरे आसात मां' याच्या पुढं काही बोलायचं असेल तर ते वाडीसमोर कसं बोलणार? दोन-चार रुपयांत त्यांना ते दार मिळालं. गिरण्या बहुतेकांसाठी पुन्हा उघडल्याच नाहीत, काका गावातच राहिले, पुढं होडीवर जाऊ लागले. ते दोघं मिळून मुलाला फोन करायला बूथवर जात. संध्याकाळी बाजारात जोडीनं जाताना मी त्यांना प्रथमच पाहिलं ते तेव्हा.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९९५ साली देशात मोबाइल आला. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि मग खिशाखिशात फोन दिसू लागला. बूथच्या काचेच्या खोल्यांत कुणी झेरॉक्स मशीन ठेवलं, कुणी रिचार्जची दुकानं काढली. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. आमच्या पडवीतला फोनही एका पावसाळ्यात मुका झाला तो पुन्हा चालू करायचं कुणाच्या मनात आलं नाही. वही तेवढी राहिली.

ती वही मला एकदाच कामाला आली. १६ मे २०२१. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. त्या रात्री मालवणात काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. माड, पोफळी, विजेचे खांब आडवे. कौलं उडून गेलेली. वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंज. एक दिवस नव्हे, कितीतरी दिवस. वर कोरोनाची टाळेबंदी. मुंबईतली मुलं तिकडं टीव्हीवर मालवणची दृश्यं बघून कासावीस, आणि इकडं आई-बाप जिवंत आहेत एवढं सांगायलाही साधन नाही. चार्जिंग संपलेले फोन हातात घेऊन माणसं बसली होती. नंबर सगळे त्या बंद फोनच्या पोटात. माझ्या स्वतःच्या मुलाचा नंबर मला पाठ नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, मोटरसायकलवर जाऊन रेंज कुठं मिळते ते बघतो. निघता निघता मी त्याला थांबवलं. ती जुनी वही काढली, मागची कोरी पानं होती. म्हटलं, एकटा आपला फोन करून येऊ नकोस. वाडीतल्या सगळ्यांचे नंबर लिहून घे. तो म्हणाला, "आत्या, पेट्रोल कमी आहे, पाऊस येतोय. परत कधीतरी करू की." बाहेर आभाळ खरंच भरून आलं होतं.

मी त्याला म्हटलं, तू गाडी काढ, नंबर मी आणते. आणि पदर खोचून, पडलेल्या माडांवरून चढत-उतरत मी पाणंदीत उतरले. गडगा ढासळला होता. काकी खळ्यात बसल्या होत्या, सत्तरीच्या, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. मुलाचा नंबर त्यांनी कोळशानं आतल्या भिंतीवर लिहून ठेवला होता, तो वादळातही शाबूत राहिला होता. मी तो वहीत उतरून घेतला. सगळ्यात वर.

"निरोप काय द्यायचा?" मी विचारलं.

"सांग, आवस घराकच आसा."